कोकणची पट्टी

तारकर्लीला दोन रात्री मुक्काम, सुरमईची थाळी, वर सोलकढीची दुसरी वाटी. मग पाहुणा माडाखाली खुर्ची ओढून बसतो, समुद्राकडे बघतो आणि म्हणतो, "देवाने तुम्हाला सगळं दिलंय हो. पाऊस, माती, समुद्र, आंबा. पण तुमची माणसं काही करतच नाहीत." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मुंबईच्या परिसंवादात ते जरा कपडे बदलून येते: कोकणात उद्यमशीलता नाही. अग्रलेखात त्याची 'मनिऑर्डरवर जगणारी अर्थव्यवस्था' होते. निवडणुकीच्या सभेत वक्ता आवाज चढवून कोकणचा कॅलिफोर्निया करायचे वचन देतो आणि पुढच्या निवडणुकीला तेच वचन पुन्हा घेऊन येतो. आणि एखादा प्रकल्प लोकांनी अडवला की सगळे एका सुरात म्हणतात, बघा, यांना विकासच नको आहे.

या सगळ्यांना एकदाच नीट उत्तर द्यावे म्हणून हे लिहितो आहे. कोकणात सर्व आलबेल आहे असे मला म्हणायचे नाही. आमचे दोष मला पाहुण्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत आणि तेही पुढे सांगेन. पण रोगाचे नाव चुकले की औषध चुकते, आणि कोकणच्या बाबतीत ते पंचाहत्तर वर्षे चुकत आले आहे.

आळसापासून सुरुवात करू, कारण तो आरोप सर्वांत स्वस्त. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते तेव्हा रत्नागिरी आणि सावंतवाडीकडची माणसे गिरमिटावर तिकडे नेली गेली. तिथला मराठी समाज त्यांचाच वंश. मुंबई इलाख्याच्या फौजेला शिपाई हवे होते, ते रत्नागिरी जिल्ह्याने पुरवले. गिरण्यांना कामगार हवे होते, तेव्हा लालबाग-परळच्या चाळी कोणी भरल्या हे वेगळे सांगायला नको. बंदरात, पोलिसात, घरगड्यांत, छापखान्यांत कोकणी माणूस होता. जो माणूस गावात आळशी आणि बोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरल्याबरोबर बारा तासांची पाळी करणारा, त्याच्या आळसाचे कारण त्याच्या अंगात शोधायचे की गावात?

आता मनिऑर्डर. मनिऑर्डरीकडे लोक फक्त एका टोकाने बघतात: पोस्टमन दारात आला, आजीने अंगठा उठवला, पैसे मिळाले. म्हणजे गाव मुंबईच्या जिवावर जगत होते, असा निष्कर्ष. हिशेब उलट्या बाजूने मांडून बघा. गिरणी कामगाराला मिळणारा पगार एका माणसाच्या पोटापुरता होता, कुटुंबाचा नव्हता. तो गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर पथारी टाकून राहत होता आणि खाणावळीत जेवत होता. त्याची बायको, मुले, म्हातारे आईबाप गावात होते. त्यांना कोण पोसत होते? कुणग्यातले भात, वरकसावरची नाचणी आणि बाईचे कष्ट. तो आजारी पडला की गावात यायचा, म्हातारा झाला की गावात यायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले, तेव्हा त्यांतली कितीतरी कुटुंबे गावच्या भातावर तगली. मालकाला कामगाराच्या कुटुंबाचा, आजारपणाचा, म्हातारपणाचा खर्च सोसावा लागला नाही, कारण तो खर्च कोकणातल्या बाईने चिखलात उभे राहून आधीच सोसला होता. मुंबईचे कापड स्वस्त पडले त्यात हा हिस्सा कुठे मांडलेला दिसत नाही. मनिऑर्डर त्या हिश्शातला परत आलेला थोडासा भाग होता.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. या आकड्यावरून काही उत्साही मंडळींनी आमच्या स्त्रीसन्मानाचे कौतुकही केले आहे. त्यांना नम्रपणे सांगतो की पुरुष गावात नाहीत, एवढाच त्या आकड्याचा मुख्य अर्थ. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. रत्नागिरीची जवळजवळ १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ सुरू झाल्यापासून दरवर्षी राज्यात पहिले येते. ही पहिली आलेली मुले जातात कुठे? ठाणे, पुणे, मुंबई. त्यांना वाढवण्याचा, शिकवण्याचा खर्च इथला, पुढची कमाई तिथली. आणि बागेत राखणीला, होडीवर खलाशी म्हणून नेपाळहून माणसे येतात. यावर पाहुणा डोळे मिचकावून म्हणतो, बघा, तुमची मुले काम करत नाहीत. नेपाळी माणूस इथे येतो आणि आमचा विरार-नालासोपाऱ्याला जातो, यामागे कारण एकच आहे: हंगामी मजुरीवर बारमाही घर चालत नाही. त्या नेपाळी माणसाच्या गावातही बहुधा कोणी पाहुणा असेल, तुमची माणसे आळशी म्हणणारा.

दुसरा आरोप कज्जेदलालीचा. कोकणी माणूस बांधासाठी तीन पिढ्या कोर्टात जातो, हे खरे आहे. पण हा स्वभाव आकाशातून पडला नाही. इथे खोती होती. सरकार आणि कूळ यांच्या मधे खोत बसलेला, पिकाचा अर्धा वाटा अर्धेलीने, तिसरा तिर्धेलीने उचलणारा, वर वेठ घेणारा. १८८० चा खोती कायदा झाला तरी कुळाचा कागद कच्चाच राहिला. केसरीतून टिळकांनी खोतांची बाजू मांडली होती, हेही इथे विसरू नये. मोठी माणसे सगळीकडे मोठी नसतात. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने संप केला, तो सहा वर्षे चालला. सहा वर्षे माणसांनी जमीन पडीक ठेवली, लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण खोतासाठी नांगर धरला नाही. आळशी माणसांचा हा संप होता म्हणायचा! डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला, आणि प्रत्यक्षात खोती निर्मूलनाचा कायदा यायला १९४९ उजाडले.

कायदा आला, खोत गेला, पण सातबारा साफ झाला नाही. आजही एका गुंठ्यावर पंचवीस-तीस नावे असतात. त्यांतली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत, एकाचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही. वर 'खाजगी वने' असा शेरा, कारण १९७५ च्या कायद्याने जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनीत कोणाची काजूची बागही सापडली. आंबोली, गेळे, चौकुळला कबुलायतदार गावकरांच्या जमिनीचा प्रश्न पिढ्यान्पिढ्या लोंबकळत राहिला. अशा सातबाऱ्यावर बँक कर्ज देत नाही, विहिरीचा प्रस्ताव पुढे सरकत नाही, फळप्रक्रियेचा कारखाना तर दूरच. उद्यमशीलता नाही म्हणणाऱ्याने एकदा अशा सामाईक सातबाऱ्यावर साधे शीतगृह काढून दाखवावे. मी त्याच्या उद्घाटनाला पदरमोड करून हार घेऊन जाईन.

मात्र जिथे जमिनीचा गुंता नव्हता आणि सरकारने हात पुढे केला, तिथे काय झाले? १९९० मध्ये रोजगार हमीला जोडून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली. आमच्या लोकांनी कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, दुसरीकडून माती वाहून आणून भरली, डोक्यावरून पाणी नेऊन कलमे जगवली. ज्या सड्यावर गवताशिवाय काही नव्हते तिथे आज काजू आणि हापूस उभा आहे. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ चे, दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे. त्यांनी दिलेली वेंगुर्ला काजूची वाणे लोकांनी बघता बघता उचलली. शेतकऱ्याने त्याच्या बाजूचे काम केले. पीक आले. प्रश्न पिकाच्या पुढचा आहे.

इथे मला थोडे घरचे सांगावे लागेल. आमची देवगडकडे लहानशी बाग. ऑगस्टमध्ये वाशीच्या एका दलालाकडून आगाऊ रक्कम यायची. तिच्यातून खते, फवारणीची औषधे, राखण्याची मजुरी. नोव्हेंबरपासून मोहोर, मग तुडतुडे, मग फुलकिडे, कणी धरली की अवकाळी पाऊस. हे सगळे पार करून घळीने उतरवलेला आंबा पेंढ्यात भरून पेटी रात्रीच्या गाडीने जायची. पेटी कोणाकडे जायची हे ठरलेले, कारण आगाऊ रक्कम त्याची. कोणत्या भावाने विकायची हे वडिलांनी कधी ठरवले नाही. माल गेल्यावर पाच-सहा दिवसांनी एक कागद यायचा, त्याला पट्टी म्हणतात. इतक्या पेट्या उतरल्या, इतक्या भावाने गेल्या, पैकी गाडीभाडे वजा, हमाली वजा, दलाली वजा, डागी फळ वजा, उचल वजा. एका वर्षी त्याच तारखेच्या वर्तमानपत्रातला वाशीचा भाव आणि पट्टीतला भाव यांत एवढी तफावत होती की वडिलांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघितले आणि मग एवढेच म्हणाले, "आंबो गेलो, पट्टी इली." भांडायचे कोणाशी? पुढच्या ऑगस्टला परत त्याच्याच दारात उभे राहायचे होते.

सगळे दलाल लबाड असतात असे मी म्हणत नाही. बँकेने जे करायला हवे होते ते त्याने केले आणि त्याची किंमत वसूल केली. २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, दलाली शेतकऱ्याकडून घ्यायची नाही असे ठरले. पण उचल घेतलेल्या माणसाला नियमनमुक्तीचा काय उपयोग? दोरी कायद्याची नव्हतीच, उचलीची होती. मे महिन्यात भाव कोसळला की उरलेला आंबा कॅनिंगला, किलोवर. तो दर कारखानदार सांगेल तो. शेवटी विमा आहेच: हवामानावर आधारित, म्हणजे तापमान मोजणारे यंत्र महसूल मंडळाच्या ठिकाणी सड्यावर, बाग खाडीकाठी, आणि मोहोर जळाला की नाही ते यंत्राला विचारायचे, झाडाला नाही.

याच्या शेजारी ऊस ठेवा, कारण "घाटावरचा शेतकरी बघा, त्याने सहकारातून काय उभे केले" हे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. जरूर बघावे. प्रवरेच्या पट्ट्यात भंडारदऱ्याचे धरण १९२६ ला पुरे झाले होते. म्हणजे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये तिथे साखर कारखाना उभा केला तेव्हा कालव्याचे पाणी पाव शतक वाहत होते. पुढे राज्याने असंख्य कारखान्यांत भागभांडवल घातले, कर्जाला हमी दिली. उसाला केंद्र सरकार दर ठरवून देते आणि चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. तो मोडला तर मोर्चे निघतात, आणि निघायलाच हवेत. विखे पाटलांची कर्तबगारी मी यत्किंचितही कमी लेखत नाही. पण ज्याच्या पाठीशी धरण, कालवा, भांडवल आणि ठरलेला दर आहे, त्याच्याशी ज्याच्या पाठीशी फक्त देवगडचा वारा आहे त्याची तुलना करून एकाला उद्यमी आणि दुसऱ्याला आळशी ठरवणे हा कसला न्याय? हापूसला हमीदर नाही, चौदा दिवसांचा नियम नाही. त्याला मिळाले ते २०१८ चे भौगोलिक मानांकन, आणि दर वर्षी 'पहिली पेटी वाशीत दाखल' म्हणून टीव्हीवर पूजा.

काजूची गंमत आणखी वेगळी. आमचा कच्चा काजू बाजारात येतो त्याच सुमाराला आफ्रिकेतून जहाजे येतात. कच्च्या काजूवरचे आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात पाच टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आणले गेले. कारखाने चालायला हवेत म्हणून ते केले, समजू शकतो. पण मग भाव पडल्यावर शेतकऱ्याने काय करावे, हे त्या अर्थसंकल्पात नव्हते. आणि बोंडू? गोव्यात त्याची फेणी होते, तिला २००९ मध्ये मानांकनही मिळाले. सीमेच्या अलीकडे दोडामार्गात तेच बोंडू झाडाखाली सडते किंवा टेम्पोत भरून गोव्याला जाते. तेच झाड, तीच माती. सीमेच्या एका बाजूला तो उद्योग आणि दुसऱ्या बाजूला गुन्हा, असे कितीतरी वर्षे चालले.

गोव्याचे नाव निघालेच आहे. "गोवा बघा, तुमच्यासारखाच, पण कुठे पोचला!" गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, एकटा सिंधुदुर्ग ५,२०७. पण गोव्याला १९६३ पासून स्वतःची विधानसभा, केंद्राचा थेट पैसा, १९८७ पासून स्वतंत्र राज्य. त्यांचा दारूवरचा कर त्यांच्या तिजोरीत जातो, त्यांच्या रस्त्याचा निर्णय पणजीत होतो. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्या जाहीर होण्याचा निर्णय मुंबईत झाला आणि त्यानंतरचे बरेच काही मुंबईतच राहिले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रात यायला नकार दिला तेव्हा इकडे फार हळहळ व्यक्त झाली होती. आज वाटते, आले असते तर रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेला आणखी काही मागास तालुके जमा झाले असते आणि पाहुणा म्हणाला असता, गोव्याची माणसे आळशी.

कॅलिफोर्नियाविषयी तर मला विशेष प्रेम आहे, कारण आम्हाला तो देऊ करणाऱ्यांपैकी कोणी तो कसा झाला हे वाचलेले दिसत नाही. तिथले संत्री-लिंबू बागायतदार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दलालांच्या पट्टीला आमच्याइतकेच कंटाळले होते. १८९३ मध्ये त्यांनी आपली विक्रीसंस्था काढली. तीच पुढे सनकिस्ट या नावाने जगभर ओळखली गेली. प्रतवारी तिची, पेटी तिची, जाहिरात तिची, रेल्वेच्या डब्यांचा दर ठरवायलाही तीच. शिवाय उत्तरेचे पाणी दक्षिणेला नेणारी धरणे आणि कालवे सरकारने बांधले. कॅलिफोर्निया ऊन-वाऱ्याने झाला नाही. ऊन-वारा आमच्याकडेही आहे, आणि पाऊस त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त.

मग शेवटचा आरोप, विकासविरोधाचा. हा सगळ्यांत मोठ्या आवाजात होतो, म्हणून त्याला उत्तरही सविस्तर देतो.

१९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्या मार्गासाठी चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांकडून जमीन घ्यायची होती. देशात जमीन संपादनाला दहा-दहा वर्षे लागत असताना इथे बहुतेक जमीन साधारण वर्षभरात ताब्यात आली, हे महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्या कामाचे कौतुक करताना नेहमी सांगितले जाते. कौतुक योग्यच. पण जमीन दिली कोणी? याच कज्जेदलाल, विकासविरोधी लोकांनी. २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरपर्यंतची गाडी सुरू झाली तेव्हा स्टेशनांवर आरत्या घेऊन उभ्या असलेल्या बायका कोणत्या विकासाच्या विरोधात होत्या?

त्याच दशकात रत्नागिरीत स्टरलाइटचा तांबे वितळवण्याचा कारखाना येत होता. आंबा बागायतदारांनी आणि मच्छीमारांनी विरोध केला, १९९३ मध्ये काम थांबले. केवढी टीका झाली! रोजगार घालवला, कोकण मागेच राहणार. तोच प्रकल्प तमिळनाडूत तुतीकोरीनला गेला. मे २०१८ मध्ये तिथल्या लोकांनी प्रदूषणाविरुद्ध मोर्चा काढला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १३ जण मेले आणि सरकारने कारखाना बंद केला. आम्हाला पंचवीस वर्षे आधी जे कळले ते तिथे प्राण देऊन सिद्ध झाले. रत्नागिरीच्या बागायतदारांची कोणी माफी मागितल्याचे माझ्या वाचनात नाही.

एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचेही तेच. गुहागरच्या लोकांनी विरोध केला तेव्हा त्यांच्यावर लाठ्या चालल्या, माणसे तुरुंगात गेली. १९९९ मध्ये दाभोळची वीज सुरू झाली, ती इतकी महाग की २००१ मध्ये वीज मंडळाला ती घेणे बंद करावे लागले; सरकारने नेमलेल्या गोडबोले समितीने वीजखरेदीच्या कराराची चिरफाड केली आणि डिसेंबर २००१ मध्ये खुद्द कंपनीच अमेरिकेत दिवाळखोरीत निघाली. तेव्हा अंजनवेलच्या म्हाताऱ्याला अर्थशास्त्र कळत नव्हते असे म्हणणाऱ्यांनी त्या करारावर सह्या केल्या होत्या.

ज्या कारखान्यांना आम्ही होकार दिला त्यांचा अनुभव काय? लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीचे सांडपाणी दाभोळच्या खाडीत उतरले आणि खाडीवर जगणाऱ्या भोई समाजाची मासळी गेली. महाडला सावित्रीची तीच कथा. म्हणून नाणार आणि पुढे बारसूला वर्षाला सहा कोटी टन क्षमतेच्या तेलशुद्धीकरणाची गोष्ट निघाली तेव्हा बायका सड्यावर उन्हात आडव्या पडल्या. त्यांना भडकवले कोणी, हे शोधायला पत्रकार आले होते. लोट्याला जाऊन खाडीचा वास घेतला असता तर पेट्रोल वाचले असते.

प्रत्येक विरोध बरोबर होता असे नाही. काही ठिकाणी राजकारण होते, काही ठिकाणी जमिनीचा भाव वाढवायची खेळी होती. बारसूचा आवाज उठण्याआधीच परप्रांतीयांच्या नावावर सडे खरेदी झाले होते आणि ते विकणारे आमचेच होते. दलाली करणारेही आमचेच. चार पैसे मिळाले की कुलदैवताची राईसुद्धा मोजून देतात. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरणारे हात फक्त वाशीत नाहीत, देवगडातही आहेत. रात्री एलईडीचे दिवे लावून मासळीची पिल्ले ओढणाऱ्या होड्यांचे मालक घाटावरचे नाहीत. केंद्राने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, दिवे अजून दिसतात. आणि भाऊबंदकीत पडलेली शेते बघवत नाहीत, हे कबूल. अर्थात ती पडायला माकडे आणि रानडुकरेही कारण आहेत; ज्याने पेरलेल्या भुईमुगाची एक शेंगही माकडांनी ठेवली नाही त्याला पुढच्या वर्षी पेर म्हणून सांगायला मलाही तोंड नसते. पण हे दोष कुठल्याही प्रदेशातल्या माणसांत सापडतील. ऊसपट्ट्यात भाऊबंदकी नाही काय? तिथे ती असूनही कारखाना चालतो, कारण पाणी आणि दर भाऊबंदकीवर अवलंबून नाहीत.

उलट नेहमीची चाकोरी मोडून काही घडले तेव्हा काय झाले तेही बघा. २०२० मध्ये टाळेबंदीत वाशीचा रस्ता अडला. आंबा झाडावर पिकत होता. तेव्हा ज्यांना इंटरनेट म्हणजे फक्त मुलांचा खेळ वाटत होता अशा बागायतदारांनी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी केली, ठाण्या-पुण्यातल्या सोसायट्यांना थेट पेट्या पोचवल्या आणि पहिल्यांदा भाव स्वतः सांगितला. त्यानंतर अनेकांनी तो मार्ग सोडलेला नाही. देवगडच्या बागायतदारांची सहकारी संस्था आता फळावर कोड असलेला स्टिकर लावते, म्हणजे कर्नाटकच्या आंब्याला देवगडचे नाव लावणे जरा अवघड होईल. हे सगळे सरकारच्या दारात न जाता झाले. दार उघडले असते तर किती झाले असते याचा विचार करा. पण दार उघडायचे म्हणजे रस्ता हवा, आणि मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले ते अजून गणपतीला जाणाऱ्यांच्या पाठीच्या कण्यात आहे. दरम्यान ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ठरला, बांधला गेला आणि जून २०२५ मध्ये पुरा खुलाही झाला. ऑगस्ट २०१६ मध्ये सावित्रीवरचा पूल माणसांसकट वाहून गेला, तेव्हा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे बांधता येते.

म्हणून पाहुण्याला माझी विनंती आहे. आमची माणसे काय करतात हे विचारण्याआधी आमची पट्टी पुरी वाचा. आंब्याची वाचा, काजूची वाचा, गिरणीत गेलेल्या माणसांची वाचा. आणि सरकारच्या तीन खात्यांकडे आत्ता, लगेच, मागणी लावून धरा: सातबाऱ्यावरचे वारसांचे प्रश्न गावोगाव शिबिरे भरवून निकाली काढा, उचलीच्या जागी हंगामी कर्ज बँकेतून द्या, तारण म्हणून उभी बाग धरा, आणि पाण्याचा वाटा द्या.

पाण्याचे सांगतो. राज्याच्या एकूण पाण्यापैकी निम्म्याच्या जवळपास पाणी कोकणात पडते आणि जांभ्यावरून चार महिन्यांत समुद्रात जाते. पण एक पाणी असे आहे की जे बाराही महिने येते. पुढच्या मे महिन्यात महामार्गाने याल तेव्हा चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलावर गाडी बाजूला घ्या. बाकीच्या नद्यांत दगड दिसत असतील, हिच्यात पाणी असेल. ते कोयनेचे. दरवर्षी साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरते, वीज करते, वाशिष्ठीत सोडले जाते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. वीज राज्याला जाते. ते पाणीही मुंबईला न्यावे अशी योजना अधूनमधून कागदावर येते. पुलावर पाच-दहा मिनिटे उभे राहा. त्याच तालुक्यातल्या वरच्या वाड्यांकडे निघालेला पाण्याचा टँकर तुमच्या समोरूनच जाईल.